पाहारोचा बांध: बांधला एकाने, सांभाळायचा कोणी?

१० मार्च २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पाहारो नदीचा दक्षिण काठचा मातीचा बांध फुटला. त्याच्या आधीचे कित्येक तास कामगार भर पावसात तो सावरायच्या खटपटीत होते. उजाडेपर्यंत नदीकाठचं पाहारो हे जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव पाण्यात गेलं होतं. नॅशनल गार्डच्या उंच ट्रकांतून माणसं बाहेर काढावी लागली. गाव जवळजवळ सगळं शेतमजुरांचं. स्ट्रॉबेरी आणि भाजीपाला तोडणाऱ्या, मुख्यतः मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांचं.

बातम्यांमध्ये हे वादळी पावसाचं संकट म्हणून आलं. पाऊस मोठा होता, यात शंका नाही. पण हा बांध अपुरा आहे, तो नव्याने बांधला पाहिजे, हे अमेरिकी काँग्रेसने १९६६ सालीच मान्य करून ठेवलं होतं. मंजुरी आणि भगदाड यांच्यामध्ये सत्तावन्न वर्षं गेली. ती कशात गेली, हे समजून घेतल्याशिवाय त्या रात्रीचा अर्थ लागत नाही.

पाहारो ही काही मोठी नदी नव्हे. तिचं पाणलोट क्षेत्र सुमारे तेराशे चौरस मैल, म्हणजे साधारण ३,४०० चौरस किलोमीटर, आणि ते चार काउंट्यांत पसरलेलं आहे: सांता क्लारा, सान बेनितो, सांता क्रूझ आणि माँटेरे. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, फरक एवढाच, की तिचे पर्यवेक्षक लोक निवडून देतात आणि मालमत्ता कराची वसुलीही तिथेच होते.) समुद्राकडे जाताना शेवटच्या टप्प्यात ही नदीच दोन काउंट्यांची हद्द होते. उत्तरेला सांता क्रूझ काउंटीतलं वॉट्सनव्हिल, पन्नासेक हजार लोकांचं, स्वतःची नगरपालिका असलेलं शहर. दक्षिणेला माँटेरे काउंटीतलं पाहारो. या गावाला नगरपालिका नाही. त्याचा कारभार काउंटीचं मुख्यालय असलेल्या सॅलिनसहून चालतो.

सिलिकॉन व्हॅलीत राहणाऱ्या मराठी वाचकांना हा भाग परका नाही. सॅन होजेहून गाडीने तासाभराचा रस्ता. त्यांच्या सांता क्लारा काउंटीच्या दक्षिण टोकाला, मॉर्गन हिल आणि गिलरॉयच्या बाजूला पडलेलं पावसाचं पाणी ओढ्या-नाल्यांतून याच नदीला मिळतं. वर शहरं वाढली, जमिनीवर डांबर आणि काँक्रीट आलं की खाली पाणी लवकर आणि जास्त पोहोचतं. पाणी काउंटीची हद्द ओलांडतं, कराचा पैसा ओलांडत नाही.

दक्षिण काठावर कोण राहायला आलं, यालाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात वॉट्सनव्हिलमध्ये चिनी कामगारांची वस्ती होती. १८८८ च्या सुमारास ती शहरातून उठली आणि नदीपलीकडे, पाहारोच्या बाजूला वसली. पुढे सफरचंदाच्या बागा आल्या, मग स्ट्रॉबेरी आणि लेट्यूस आलं. राबणारे हात बदलत गेले. शहरात ज्यांना जागा मिळाली नाही किंवा परवडली नाही, ते नदीच्या या अंगाला येत राहिले. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे या जागेची किंमतच सरकारी हिशेबात कळीची ठरली.

या बांधांमागचा करार १९३६ च्या केंद्रीय पूरनियंत्रण कायद्यातून आला. पूर अडवणं हे केंद्र सरकारचंही काम आहे, असं त्या कायद्याने पहिल्यांदा देशपातळीवर मान्य केलं. वाटणी अशी ठरली: बांध लष्कराचं अभियंता दल, म्हणजे आर्मी कोअर, उभारणार, जमीन स्थानिक संस्थेने द्यायची, आणि काम पुरं झाल्यावर देखभाल-दुरुस्ती कायमची तिच्याच अंगावर. पाहारोच्या प्रकल्पाला १९४४ च्या कायद्यात मंजुरी मिळाली, १९४९ मध्ये बांध उभे राहिले आणि ते सांभाळण्याची हमी दोन्ही काउंट्यांनी लिहून दिली. उत्तर काठ एकीकडे, दक्षिण काठ दुसरीकडे. एकाच नदीचे दोन काठ, दोन तिजोऱ्या, दोन कार्यालयं.

सहाच वर्षांनी, डिसेंबर १९५५ मध्ये, पाणी बांधावरून गेलं. १९५८ मध्ये पुन्हा पूर आला. नदीला येऊ शकणाऱ्या पाण्याचा अंदाजच कमी धरला होता, हे उघड झालं आणि त्यातून १९६६ ची फेरबांधणीची मंजुरी आली. मंजुरी आली, पैसा आला नाही.

दरम्यान देखभाल चालूच ठेवायची होती. मातीच्या बांधाची देखभाल हे दिसायला क्षुल्लक आणि प्रत्यक्षात न संपणारं काम आहे. गवत वेळेवर कापावं लागतं, नाहीतर उतारावरच्या भेगा दिसत नाहीत. खारी आणि घुशींसारखे प्राणी बिळं पोखरतात. ती शोधून, खणून, भरून ठोकून घ्यावी लागतात. बांधातून गेलेले जुने नळ गंजतात आणि त्यांच्या कडेने पाणी वाट काढतं. पूर चढला की माणसं बांधाच्या कोरड्या बाजूला पायथ्याशी विजेऱ्या घेऊन फिरतात. तिथे जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येताना दिसलं, तर आधी त्याचा रंग बघायचा. पाणी नितळ असेल तर नुसता पाझर आहे, नजर ठेवून भागतं. ते गढूळ असेल आणि तोंडाभोवती वाळूची रास साचत असेल, तर बांधाखालची माती वाहून चालली आहे असं समजायचं आणि वाळूच्या पोत्यांचं कडं रचायचं. कडं तोंड बुजवण्यासाठी नसतं. आत पाणी साचू द्यायचं, म्हणजे त्या पाण्याच्या वजनाने खालचा दाब तोलला जातो आणि माती जागच्या जागी राहते. हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस बारा महिने पगारावर ठेवावा लागतो. पूर न आलेल्या वर्षीही.

नेमकं हेच अंदाजपत्रकात टिकत नाही. नव्या बांधाचं उद्घाटन होतं, बुजवलेल्या बिळाचं होत नाही.

पाहारोत त्यात आणखी एक गुंता झाला. बांधांच्या मधल्या पात्रात गाळ साचला, झाडोरा माजला, वाळूचे उंचवटे तयार झाले. मूळ आराखड्यातली पाणी वाहून नेण्याची क्षमता पात्र मोकळं असेल तरच मिळणार होती. पण १९७० च्या दशकापासून नदीकाठचा झाडोरा हा मासे-पक्ष्यांचा अधिवास म्हणून जपायची अट आली, तोडायला वन्यजीव खात्याची परवानगी लागू लागली. अट चुकीची होती असं मी म्हणणार नाही. किनाऱ्यावरच्या नद्यांचं बरंच नैसर्गिक रूप आधीच गेलं होतं. पण ती पाळूनही पूर सुखरूप जावा यासाठी लागणारा पैसा आणि अभियांत्रिकी कोणी पुरवली नाही. आर्मी कोअर तपासणी करून पात्र साफ करा, असा इशारा देत राहिलं. काउंट्या पैशाची आणि परवानग्यांची अडचण पुढे करत राहिल्या.

मार्च १९९५ मध्ये बांध फुटला. दोन माणसं गेली, हजारो एकर शेती आणि पाहारो गाव बुडालं, नुकसान दहा कोटी डॉलरच्या घरात गेलं. या खेपेला लोक कोर्टात गेले. २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ‘अरेओला विरुद्ध माँटेरे काउंटी’ या खटल्यात दोन्ही काउंट्यांना जबाबदार धरलं. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा: पात्र तुंबतं आहे आणि त्यामुळे बांध ठरलेलं पाणी पेलू शकणार नाही हे माहीत असून वर्षानुवर्षं साफसफाई न करणं, हा त्या सार्वजनिक कामाच्या आखणीचाच भाग झाला. त्या धोरणाने ज्यांची मालमत्ता गेली, त्यांना भरपाई मिळाली पाहिजे. खाली समुद्राजवळच्या महामार्गाच्या भरावामुळे पाणी अडलं, म्हणून राज्य सरकारही त्यात आलं.

पुढच्याच वर्षी उत्तरेकडे, युबा काउंटीतल्या लिंडा गावाच्या खटल्याचा निकाल लागला. तिथला बांध फेब्रुवारी १९८६ च्या पुरात फुटला. पण त्याची माती मात्र जुन्या काळची होती. सोन्याच्या खाणींतून वाहून आलेला भुसभुशीत गाळ वापरून स्थानिकांनी तो रचला होता आणि नंतर राज्याने तो आपल्या पूरनियंत्रण व्यवस्थेत सामील करून घेतला होता. ‘पातेर्नो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात २००३ मध्ये न्यायालयाने राज्याला जबाबदार धरलं. बांध आम्ही बांधला नाही, हा बचाव टिकला नाही. २००५ मध्ये राज्याने ४६ कोटी ४० लाख डॉलर मोजून तडजोड केली. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स बुडालं आणि २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी पूरसंरक्षणासाठी सुमारे ४१० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. कर्जरोख्यांतून बांधकाम होतं. गवत कापायला, बिळं बुजवायला तो पैसा येत नाही.

तो पैसा स्थानिक पट्टीतूनच यायचा, आणि पट्टी बसवणं कॅलिफोर्नियात सोपं राहिलेलं नाही. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या कायद्याने, मालमत्ता कराला कमाल मर्यादा घातली. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ ने ठरवलं, की अशा कामासाठी विशेष पट्टी लावायची तर संबंधित जमीनमालकांचं टपालाने मत घ्यायचं, आणि ज्याच्या जमिनीवर पट्टी जास्त, त्याच्या मताचं वजन जास्त. याचा अर्थ नीट बघावा. पाहारोत भाड्याच्या घरात राहणारं मजूर कुटुंब, ज्याच्या खोलीत पाणी शिरणार, त्याला या मतदानात जागाच नाही.

आता १९६६ च्या मंजुरीकडे. ती अडली ती लाभ-खर्चाच्या हिशेबात. आर्मी कोअरच्या पद्धतीत प्रकल्पाचा लाभ म्हणजे टळलेलं नुकसान, आणि ते मोजायचं प्रामुख्याने मालमत्तेच्या किमतीवरून. टळलेलं नुकसान खर्चापेक्षा जास्त भरलं नाही, तर प्रकल्प रांगेत मागे जातो. पाहारोत बांधकामाचा खर्च सॅन फ्रान्सिस्को परिसराच्या दराने, आणि वाचवायची घरं मात्र मजुरांची, स्वस्त. गणित कसंही मांडा, जुळेना. कोअरच्या अधिकाऱ्यांनीही पूर येऊन गेल्यावर हे उघडपणे मान्य केलं. एका महागड्या बंगल्यातलं फर्निचर भिजणं या हिशेबात जास्त वजनदार ठरतं आणि पाच कुटुंबांचा सगळा संसार वाहून जाणं कमी. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट ही वाटते, की इथे कोणी नियम मोडला नाही. नियम पाळूनच गाव मागे राहिलं.

शिवाय केंद्राने पैसा दिला तरी खर्चाचा ३५ टक्क्यांपर्यंतचा वाटा बिगर-केंद्रीय. त्यातला साधारण अर्धा ते सत्तर टक्के राज्य उचलतं, उरलेला स्थानिकांनी भरायचा. दोन्ही काउंट्यांना तोही डोईजड होता.

कोंडी फुटली ती बऱ्याच उशिरा. २०२१ मध्ये दोन्ही काउंट्या आणि वॉट्सनव्हिल यांनी मिळून पाहारो प्रादेशिक पूर व्यवस्थापन संस्था स्थापन केली; दोन्ही काठांचा विचार करणारं एक कार्यालय पहिल्यांदाच झालं. त्याच वर्षी राज्याने खास या प्रकल्पापुरता कायदा करून बिगर-केंद्रीय वाटा शंभर टक्क्यांपर्यंत स्वतः उचलायची तयारी दाखवली. २०२२ मध्ये केंद्राच्या पायाभूत सुविधा निधीतून ६ कोटी ७० लाख डॉलर जाहीर झाले, आणि जमीनमालकांनी देखभालीच्या वार्षिक पट्टीला मतदानाने होकार दिला. कागद अखेर जुळले. माती हलायच्या आत मार्च २०२३ आला.

पुरानंतर लोकांना दोन आठवड्यांच्या आसपास गावाबाहेर राहावं लागलं. परतल्यावरही बराच काळ नळाचं पाणी पिण्याजोगं नव्हतं. ज्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याची वैध कागदपत्रं नव्हती, त्यांना केंद्राच्या आपत्ती मदतीतला रोख पैसा मिळण्याची सोय नव्हती. राज्याने गावासाठी वेगळे दोन कोटी डॉलर दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या बांधांच्या कामाला प्रत्यक्ष सुरुवात झाली. अपेक्षित खर्च सुमारे ६० कोटी डॉलर, लक्ष्य शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरापासून संरक्षणाचं, आणि काम पुरं व्हायला बरीच वर्षं लागणार. तोवर १९४९ चे बांधच दर हिवाळ्यात पाणी पेलणार आहेत, म्हणून त्यांची डागडुजी थांबवता येत नाही.

राज्याने घेतलेला वाटा फक्त या एका प्रकल्पाचा आहे. शेतमजुरांची वस्ती असलेल्या दुसऱ्या खोऱ्यांना अजून जुन्याच वाटणीने आणि जुन्याच लाभ-खर्चाच्या हिशेबाने रांगेत उभं राहावं लागतं. नवा बांध झाल्यावर त्याची देखभाल पुन्हा स्थानिक संस्थेकडे येईल, १९४९ प्रमाणेच. या खेपेला तिच्या हातात लोकांनी मंजूर केलेली पट्टी आहे. ती पट्टी मजुरीच्या आणि डिझेलच्या वाढत्या दराबरोबर दरवर्षी पुरेशी राहते का आणि ती खरोखर बांधावरच खर्च होते का, याचा जाहीर हिशेब दोन्ही काठांच्या रहिवाशांना, मालकांइतकाच भाडेकरूंनाही, स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत मिळायला हवा.