उंदराचं औषध खाल्लं, पण कोणतं? केक की काळी पावडर?

“कुत्र्यानं उंदराचं औषध खाल्लंय,” एवढ्यावरून पशुवैद्याला काहीच ठरवता येत नाही. दुकानात याच नावानं मुख्यतः दोन अगदी वेगळी विषं मिळतात. केक किंवा वडी म्हणजे बहुधा ०.००५ टक्के ब्रोमाडिओलोन. काळपट-राखाडी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाईड. शेतात ते ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल आणि २ भाग पावडर असं कालवून बिळात टाकतात. तेलाच्या वासानं कुत्राही ते आवडीनं खातो. नुसत्या रंगावर जाऊ नका, पाकिटावरचं नाव वाचा. पाकीट सापडलं तर सोबत घ्या.

झिंक फॉस्फाईडचा पोटातल्या आम्लाशी संबंध आला की फॉस्फिन वायू तयार होतो. त्यामुळे बहुतेकदा १५ मिनिटं ते ४ तासांत उलट्या, धाप, पोट फुगणं, तोल जाणं, झटके सुरू होतात. यावर उतारा नाही. किलोमागे २० ते ४० मिलिग्रॅम जीवघेणं ठरू शकतं. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला २ टक्क्यांचं आमिष १० ग्रॅम, जेमतेम दोन चमचे, पुरतं. आणि इथेच आपल्याकडचा ठरलेला उपाय घात करतो: “दूध पाजा, पोळी द्या, विष मारलं जाईल.” अन्न पोटात गेलं की आम्ल सुटतं आणि वायू आणखी वेगानं तयार होतो. म्हणून काहीही खाऊ घालू नका. डॉक्टरांनी फोनवर अँटासिड द्यायला सांगितलं, तर तेवढंच द्या.

गाडीत नेताना सगळ्या काचा उघड्या ठेवा. वाटेत कुत्रा ओकला तर गाडी थांबवून त्याच्यासह सगळे खाली उतरा. त्या उलटीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतोय का, हे नाक जवळ नेऊन तपासू नका.

ब्रोमाडिओलोनचं घड्याळ उलटं चालतं. केक खाऊन कुत्रा दोन-तीन दिवस नेहमीसारखा खेळतो, जेवतो आणि घरचे निर्धास्त होतात. हे विष व्हिटॅमिन के चा पुनर्वापर थांबवतं. रक्त गोठवणारे जुने घटक संपेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. साधारण ३ ते ५ दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, कुत्रा मलूल होतो, लंगडतो, धापा टाकतो. नाकातून किंवा लघवीतून रक्त दिसतंच असं नाही. ते छातीत आत साचत असू शकतं. म्हणून लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. पहिल्या काही तासांतच नेलं तर डॉक्टर ओकवून बरंचसं विष बाहेर काढू शकतात.

याला मात्र उतारा आहे: व्हिटॅमिन के १. गोळ्या सहसा तीन-चार आठवडे, थोड्या स्निग्ध जेवणासोबत द्यायच्या. त्यानं त्या नीट शोषल्या जातात. दूध-तूप टाळायचं ते काळ्या पावडरीत, इथे तूप लावलेला घास चालतो. औषधाच्या दुकानात ‘के’ एवढंच पाहून के ३ घेऊ नका, या विषावर ते उपयोगाचं नाही.

मीठपाणी पाजून ओकवणं दोन्हीकडे वर्ज्य. त्यानं रक्तात सोडियम वाढून वेगळीच विषबाधा होते. ट्यूबमधली पेस्ट हा तिसराच प्रकार. त्यात पिवळा फॉस्फरस असू शकतो आणि तो यकृत खातो. ट्यूब दाखवा आणि लगेच निघा.

केकवाल्या कुत्र्याच्या गोळ्या संपल्यावर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी पीटी चाचणी करतात. गोळ्या चालू असताना केलेली चाचणी फसवते, कारण तेव्हा आकडा औषधामुळेच चांगला येतो. वेळ वाढलेली आली तर गोळ्या पुन्हा सुरू. निकाल येईपर्यंत उड्या, झटापट आणि दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती बंद.