मत गुप्तही राहिलं पाहिजे आणि मोजणी पटलीही पाहिजे

बँकेचं सगळं मोबाईलवर होतं मग मतदान का नाही, हा प्रश्न दर निवडणुकीला कोणीतरी विचारतंच. पण बँकेत पैसे चुकीच्या खात्यात गेले तर स्टेटमेंटमध्ये दिसतं, तक्रार करता येते. मतदानात कोणी कोणाला मत दिलं हे कुणालाच कळता कामा नये, आणि तरी मोजणी बरोबर झाली हे हरलेल्या उमेदवारालाही पटलं पाहिजे. खरी मेख इथे आहे.

एस्टोनिया हा युरोपातला छोटासा देश २००५ पासून ऑनलाइन मतदान घेतोय आणि २०२३ च्या संसद निवडणुकीत तर निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. तिथे ओळखपत्रातच चिप असते. तुमचं मत तुमच्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट होतं, वरून तुमची डिजिटल सही, आणि मोजणीआधी सह्या काढून टाकतात म्हणजे मत कोणाचं ते कळत नाही. कुलूप उघडायची किल्लीही एकाच माणसाकडे नसते, तिचे तुकडे करून वाटलेले असतात.

पण घरात कोणी मानगुटीवर बसून मत द्यायला लावलं तर? मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, मुदत संपेपर्यंत कितीही वेळा मत बदलता येतं, शेवटचं धरतात, आणि केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलं तर ऑनलाइन मत रद्दच. मत नीट पोचलं का हे फोनवर क्यूआर कोड स्कॅन करून थोडा वेळ बघताही येतं, पण ते दाखवून कोणाकडून पैसे घेता येत नाहीत कारण नंतर तुम्ही मत बदललं असेल तर?

तरी धोका उरतोच. २०१७ मध्ये त्या चिपमध्येच दोष सापडला, साधारण साडेसात लाख कार्डांची गुप्त किल्ली (मत उघडायची नव्हे, डिजिटल सही करायची) गणिताने शोधून काढता येण्यासारखी होती, आणि चूक चिप बनवणाऱ्याकडची, निवडणूकवाल्यांच्या हातात काहीच नाही!

म्हणून माझं ठाम मत, सिस्टिम आधी लोकांना फोडायला द्या. अमेरिकेच्या राजधानीने, वॉशिंग्टन डीसीने, २०१० मध्ये निवडणुकीआधी आपली ऑनलाइन मतदानाची सिस्टिम चाचणीसाठी अशीच खुली केली. मिशिगन विद्यापीठाच्या ॲलेक्स हॅल्डरमन यांच्या टीमने ४८ तासांच्या आत ताबा घेतला, चाचणीतली सगळी मतं बदलली, आणि फट होती कुठे तर अपलोड केलेल्या मतपत्रिकेच्या फाइलच्या नावात. त्यांनी मत दिल्यावर विद्यापीठाचं गाणं वाजेल असं करून ठेवलं होतं तरी अधिकाऱ्यांच्या लक्षात यायला कामाचे दोन दिवस गेले. मग प्रत्यक्ष निवडणुकीत परदेशातल्या मतदारांना मतपत्रिका डाउनलोड करायची सोय ठेवली, ऑनलाइन परत पाठवायची काढून टाकली.