घरातल्या माजी सैनिकाचा फोटो: आम्ही येण्याआधी हे वाचून ठेवा

फोटो आम्ही तुमच्या ओसरीतच काढतो. वय झालेला माणूस एसटीनं तालुक्याला आला की चेहऱ्यावर थकवा उतरतो, आणि तो कुठल्याही दिव्यानं जात नाही. फोटोसोबत त्यांची हकिकत त्यांच्याच आवाजात घेतो.

पदकं आदल्या दिवशी पेटीतून काढा, पण घासू नका. चिंच, राख किंवा भांड्यांच्या पावडरीनं चकाकी येते, मात्र कडेवर कोरलेला नंबर आणि नाव झिजतं. पदक याच माणसाचं आहे, हे सांगणारी खूण तीच. रिबीन धुतली तर रंग एकमेकांत उतरतात. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटकली की पुरे. पदकं डाव्या छातीवर लागतात, मानानं सगळ्यात वरचं गुंड्यांच्या बाजूला. १९७१ च्या युद्धाच्या ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ या पदकांमध्ये घरचे लोक हमखास गल्लत करतात: पहिलं पूर्व आघाडीचं, दुसरं पश्चिम आघाडीचं. म्हणून डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) जवळ ठेवा. त्यातली नोंद पाहूनच आम्ही क्रम लावतो. एखादं पदक हरवलं असेल तर बाजारातून दुसरं आणून टोचू नका. जागा रिकामी राहू द्या आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

भाड्याची वर्दी आम्ही देत नाही, संगणकावर चढवतही नाही. धोतर-सदरा असो की ब्लेझर, ते रोज जसे दिसतात तसेच शोभतात.

वेळ सकाळी ८ ते १०. आपल्याकडचं दुपारचं ऊन डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतं आणि पांढरी टोपी नुसती कोरी दिसते. शक्यतो उत्तरेचं दार उघडून दोन-तीन फूट आत खुर्ची ठेवतो, दुसऱ्या बाजूनं पांढरी चादर धरतो. एक धुतलेली चादर तेवढी काढून ठेवा. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ/५.६ ते एफ/८ ठेवतो, कारण एफ/२ वर डोळे लख्ख येतात पण पदकं धूसर होतात. चष्मा काढायला लावत नाही. दांड्या कानावरून जराशा उचलल्या की काचेवरची चमक जाते.

बोलणं आधी, फोटो नंतर. बोलून झाल्यावर चेहरा मोकळा होतो. साधारण ३० ते ४० मिनिटं लागतात. पंखा, टीव्ही बंद ठेवा. तोफखान्यात नोकरी झालेल्यांना बरेचदा कमी ऐकू येतं, तेव्हा कोणत्या कानानं बरं ऐकू येतं ते आधी सांगा, आम्ही त्या बाजूला बसू. सुरुवात भरतीपासून करतो: कुठं झाली, घरून सोडायला कोण आलं होतं. ‘किती मारले?’ हे आम्ही विचारत नाही, नातवंडांनीही विचारू नये. ते मधेच गप्प झाले तर गप्प राहू द्या. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, ज्या बोलीत बोलतील तीच ठेवतो. आजींनाही शेजारी बसवा. पत्र किती दिवसांनी यायचं, मनिऑर्डर कोण आणायचं, पेरणी कोणी केली, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. फ्रेमसकट द्या. पासपोर्ट आकाराचा फोटो १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करतो. जुन्या फोटोत पदकं उजव्या छातीवर दिसली तर तो बहुधा उलटा छापलेला असतो. गुंड्या पाहा: पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. जुन्या फोटोतला रेजिमेंटचा बिल्ला मात्र आम्ही ‘दुरुस्त’ करत नाही. महार रेजिमेंटच्या जुन्या बिल्ल्यावर मशिनगनसोबत कोरेगावचा विजयस्तंभ होता, पुढं त्याच्या जागी खंजीर आला. त्यावरून फोटोचा काळ कळतो.

१२ × १८ इंचाच्या छपाईला ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत एवढी उरत नाही, म्हणून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर देतो. काच आणि फोटो यांच्यात माउंटची (कडेच्या पुठ्ठ्याची) फट हवीच, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो. ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा चुलीच्या धुरात टांगू नका.

फोटोखाली हुद्दा, पलटण आणि सेवेची वर्षं येतात. छापण्याआधी हा मजकूर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. नायब सुभेदार आणि सुभेदार यांतला फरक घरच्यांना लहान वाटतो, त्यांना नाही. सेवा क्रमांक आणि पेन्शनचा पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर कुठंही छापत नाही, तुम्हीही तो ग्रुपवर टाकू नका. फसवणूक करणारे हेच नंबर शोधत असतात.

कापूस वेचणीत घरं रिकामी असतात. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनासाठी फोटो हवा असेल तर दिवाळीच्या आधीच दिवस ठरवा.