ईपीएस-९५ पेन्शन: ५८ नंतर नोकरी सोडावी लागत नाही

खासगी कंपनीत वयाची ५८ वर्षं पूर्ण झाली, की पीएफची पेन्शन (ईपीएस-९५, म्हणजे १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना) सुरू होते आणि त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. पगार आणि पेन्शन दोन्ही एकाच वेळी घेता येतात. राजीनाम्याची अट आहे ती त्याआधी, म्हणजे ५० ते ५८ या वयात ‘अर्ली पेन्शन’ घेणाऱ्यांना. तिथे ५८ ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के कपात होते, आणि ती कपात कायमची. नोकरी तात्पुरती गेली म्हणून ५३ व्या वर्षी फॉर्म भरण्याची घाई म्हणूनच महागात पडते.

उलट गरज नसेल तर पेन्शन ६० पर्यंत लांबवता येते. दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते.

मुख्य अट १० वर्षांच्या सेवेची. सहा महिने किंवा जास्त असले तर पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे साडेनऊ वर्षंही चालतात. वेगवेगळ्या कंपन्यांतली सेवा जोडली जाते. मात्र आधीची नोकरी सोडताना दहा-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढले असतील, तर ती वर्षं गेली.

हिशोब असा: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार (मर्यादा १५,०००) गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. अकरा वर्षांची सेवा आणि १५,००० पगार असेल तर महिना साधारण २,३५७ रुपये. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला मात्र ६,५०० चीच मर्यादा लागते, म्हणून जुन्या कामगारांचा घरी केलेला हिशोब आणि हातात येणारी रक्कम जुळत नाही. २० वर्षं सेवा करून ५८ ला पेन्शन घेणाऱ्याला दोन वर्षं जादा धरून मिळतात.

अर्जाचा फॉर्म दहा-डी. नोकरी सोडली असेल तर यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवरून भरता येतो. पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख आधी बघा. कंपनीने ती टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते. नोकरी चालू असेल तर कंपनीच्या सही-शिक्क्यासह कागदी फॉर्म पीएफच्या क्षेत्रीय कार्यालयात द्या. सोबत आधार, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक, नवरा-बायकोचा एकत्र फोटो आणि २५ वर्षांखालील मुलांचे जन्मदाखले जोडा.

अर्ज अडतो तो बहुतेकदा दोन कारणांनी. पहिलं, आधार आणि पीएफमधलं नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही. दुसरं जरा लपलेलं असतं: ५८ नंतरही कंपनी ८.३३ टक्के रक्कम (१५,००० पगारावर महिना १,२५०) पेन्शन खात्यातच भरत राहते. ती त्या दिवसापासून पीएफमध्ये जायला हवी. पीएफच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात ५८ नंतरही आकडा दिसत असेल, तर अर्जाआधीच पगार विभागाकडून दुरुस्ती करून घ्या.

पेन्शन सुरू झाल्यावर हयातीचा दाखला दिल्यापासून १२ महिने चालतो. नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायची गरज नाही.