उन्हाचं रफूकाम

बाळाला कोवळं ऊन दाखवा, असं आपल्याकडे कुठलीही आजी सांगते. पण लाखांत एखादं बाळ असं निघतं, की काही मिनिटांच्या उन्हाने त्याचे गाल भाजल्यासारखे होतात आणि लाली आठवडाभर उतरत नाही. दुसऱ्या एखाद्याला भाजत नाही, पण दोन वर्षांचं व्हायच्या आतच नाकागालांवर तपकिरी ठिपके पसरतात. दोघांचा आजार एकच असू शकतो : झेरोडर्मा पिग्मेंटोसम. म्हणजे कोरडी, डागाळलेली त्वचा.

उन्हातले अतिनील किरण डीएनएमधली शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. हे तुमच्याआमच्या त्वचेतही रोज घडतं. फरक पुढचा. रफू करणारा जळका भाग आधी कापून काढतो, तशी पेशीतली प्रथिनं खराब जागेच्या दोन्ही बाजूंना काप देतात, तीसेक अक्षरांचा तुकडा उचलतात आणि समोरच्या धाग्याबरहुकूम नवा विणतात. हे रफूकाम उलगडणाऱ्या अझीझ सान्जार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. या रुग्णांच्या पेशींना तेच जमत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं. न दुरुस्त झालेल्या चुका साठत जातात, आणि त्वचेचा कर्करोग अनेकदा वयाच्या दहाव्या वर्षाआधीच गाठतो.

मला जास्त चक्रावतो तो कॉकेन सिंड्रोम. बिघाड याच रफूखात्यातला, उन्हाचा त्रासही आहे, पण कर्करोग वाढत नाही. त्याऐवजी मुलाची वाढ खुंटते, डोळे-कान अधू होतात, चेहरा अकाली म्हातारा दिसतो. इथे अडतं ते वापरात असलेल्या जनुकांची तातडीची डागडुजी.

दोन्ही आजारांत आईवडील ठणठणीत असतात. दोघांकडून त्याच जनुकाची सदोष प्रत आली तरच मूल आजारी पडतं. प्रत्येक खेपेला शक्यता चारात एक. मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो, म्हणून तिथे जनुकीय सल्ला घ्यावाच.

मूळ दोष दूर करणारा उपचार अजून हाती नाही. खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म, अंगभर कपडे, चेहऱ्यावर संरक्षक मुखवटा, वर्गातल्या दिव्यांचीही मीटरने तपासणी. मैदानावर खेळायचं ते दिवेलागणीनंतर. आणि आजीच्या त्या कोवळ्या उन्हातलं ड जीवनसत्त्व? ते औषधातून.