सक्तीची लष्करभरती आणि मराठवाडा : पार्श्वभूमी

सीमेवर तणाव वाढला की पारावर एकच प्रश्न निघतो : युद्ध लागलं तर सरकार घरोघरची पोरं उचलून नेईल का? भारतात आजवर अशी कायद्याची सक्ती झालेली नाही. १९१७ साली इंग्रजांनी सक्ती आणली ती इथल्या युरोपीय ब्रिटिश प्रजेवर. दुसऱ्या महायुद्धात फौज सुमारे २५ लाखांवर गेली, तीही स्वेच्छेची. (पहिल्या महायुद्धात मात्र ही स्वेच्छा कागदोपत्रीच : पंजाबात गावागावांवर आकडे लादून दांडगाईनं माणसं नेली गेली.)

मराठवाडा तेव्हा निजामाकडे. इथं पलटणीची वाट हैदराबाद कंटिन्जंट या फौजेतून जायची. अंमलदार इंग्रज, खर्च निजामाचा. तो थकला, त्यापायी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, ही कंटिन्जंटची ठाणी.

तिचा रिसाला, म्हणजे घोडदळ, शिलेदारी पद्धतीचा होता. घोडा, खोगीर, कपडे स्वारानं आणायचे किंवा त्यांची किंमत भरायची. सरकार देई ती बंदूक आणि दारूगोळा. स्वाराच्या अशा जागेला असामी म्हणत. पैसा नसलेला दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसे. दाणावैरण पगारातूनच. साहजिकच घरची ऐपत पाहूनच माणूस रिसाल्यात जाई. शांततेत ही पद्धत स्वस्त पडली, पण १९१४ ला कोलमडली : फ्रान्समध्ये मेलेल्या घोड्याच्या जागी स्वार नवा घोडा कुठून घेणार? शिवाय मागून शिकवलेली माणसं पुरवणारे डेपोही पुरेसे नव्हते. कंटिन्जंटमधूनच आलेला डेक्कन हॉर्स हा रिसाला १४ जुलै १९१६ ला फ्रान्सातल्या सोममध्ये हाय वूडजवळ लढला.

मराठवाड्याची या फौजेशी नाळ मात्र त्याआधीच सैल झाली होती. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी फौजेत विलीन झाली. ठरावीक जमातीच लढायला लायक, या इंग्रजांच्या 'लढवय्या जमाती'च्या खुळानं दख्खनी माणूस मागे पडला, हा आपल्या भागावरचा उघड अन्याय होता. कंटिन्जंटच्या पायदळातून १९२२ मध्ये १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली, पण पुढे तिच्यात कुमाऊँनी, जाट, अहीरच भरत गेले. १९४५ मध्ये नावही बदलून कुमाऊँ झालं.

आज राज्यघटनेचं कलम २३(२) सार्वजनिक कामासाठी सक्तीच्या सेवेला मुभा देतं. अट एवढीच, की धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेद नको. सैन्यासाठी ती मुभा वापरून सरसकट भरती मात्र झालेली नाही. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते, त्यांना अग्निवीर म्हणतात : ४ वर्षं नोकरी, नंतर २५ टक्क्यांपर्यंतच कायम. शिलेदाराला नोकरी सोडताना असामीची किंमत परत मिळे. बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला सेवानिधी म्हणजे एकरकमी पैसे मिळतात, पेन्शन नाही.