पिल्लाला किती फिरवायचं?
आमच्या प्रशिक्षण वर्गात येणाऱ्या पिल्लांच्या आणि तरुण कुत्र्यांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यातच आम्हाला विचारणा होते, "रोज किती चालवू?" त्यावर आमचा उलटा प्रश्न असतो : दमल्यावर त्याला थांबता येतं का? गवतावर आपल्या मनाने बागडणारं पिल्लू दमलं की बसतं, हुंगतं, तिथेच आडवं होतं. पट्टा लावून भरभर चालवलं, सायकलीबरोबर पळवलं किंवा चेंडू पुन्हा पुन्हा फेकत राहिलं, की कधी थांबायचं हे आपण ठरवतो. आणि तुमच्यामागे पळण्याच्या ओढीने पिल्लू दुखत असलं तरी पळत राहतं.

एवढी काळजी का, तर हाडांमुळे. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे, म्हणजे हाडापेक्षा मऊ असे थर असतात, त्यांना वृद्धिपट्टिका म्हणतात. हाड तिथूनच लांबीला वाढतं. लहान जातींमध्ये साधारण ८ ते १० महिन्यांत हे थर पक्क्या हाडात बदलतात. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींना १२ ते १८ महिने लागतात, ग्रेट डेनसारख्या थोराड जातींना त्याहूनही जास्त. तोवर हा भाग कच्चा असतो. ज्या हिसक्याने मोठ्या कुत्र्याचा पाय नुसता मुरगळेल, त्याने पिल्लाच्या वृद्धिपट्टिकेला इजा होऊ शकते आणि पुढे ते हाड आखूड किंवा वाकडं वाढू शकतं.

म्हणून पिल्लाला कोंडून ठेवायचं का? मुळीच नाही. नॉर्वेमध्ये लॅब्रेडॉर, न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या जातींच्या पिल्लांचा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या आतली जी पिल्लं रोज जिना चढत-उतरत होती, त्यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, होण्याचा धोका जास्त दिसला. त्याच वयात मऊ, जराशा उंचसखल जमिनीवर मोकळं खेळणाऱ्या पिल्लांमध्ये तो कमी दिसला. हा दोष मुळात आनुवंशिक आहे, पण जमीन कशी आणि हालचाल कशी, याने फरक पडतो.

"वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं" हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. त्याच्यामागे ठोस संशोधन नाही. तरी पट्ट्यावरच्या सलग चालण्याला मर्यादा म्हणून आम्ही तो वापरतो : चार महिन्यांच्या पिल्लाला २० मिनिटं, दिवसातून दोनदा. मोकळं बागडणं त्यात धरू नका. आणि चालताना हुंगू द्या. एका झुडपापाशी पाच मिनिटं गेली तर ती वाया गेलेली नाहीत. नाकाला काम मिळालं की डोकंही दमतं.

चेंडूबद्दल मात्र आम्ही आग्रही आहोत. धावताना करकचून थांबणं, गर्रकन वळणं, हवेत उडी मारून पायांवर आदळणं, हे सगळं त्या खेळात पुन्हा पुन्हा होतं. चेंडू लांब फेकण्यापेक्षा जमिनीवरून हळू घरंगळवा, नाहीतर गवतात लपवून शोधायला लावा.

घरातलंही पाहा. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, म्हणून खेळण्याच्या जागी रबरी चटई घाला आणि नखं वाढू देऊ नका. सोफ्यावरून, गाडीतून उडी मारू न देता उचलून खाली घ्या.

लसीकरण पूर्ण होण्याआधी अनोळखी कुत्री फिरतात तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. पण कडेवर घेऊन बाहेर जरूर न्या. माणसं, वाहनं, आवाज यांची सवय लागण्याचं वय साधारण १४ आठवड्यांपर्यंतच असतं, ते हातचं जाऊ देऊ नका.

उन्हात बाहेर पडण्याआधी रस्त्याला तळहात टेकवून सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसवलं नाही, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना धापा टाकून अंग थंड करणं जड जातं, त्यांना गार वेळेतच न्या.

सांध्यांवरचा भार फक्त व्यायामाने वाढत नाही, जादा वजनानेही वाढतो. पिल्लाच्या फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. मोठ्या जातीच्या पिल्लाला डॉक्टरांना न विचारता कॅल्शियम देऊ नका. जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते.

संध्याकाळी पिल्लू सैरावैरा पळतं, पायाला चावतं, तेव्हा "व्यायाम कमी पडला" असं वाटतं. बहुतेकदा कमी पडलेली असते झोप. लहान पिल्लं दिवसाचे १८ ते २० तास झोपतात.

आठ-दहा महिन्यांचा मोठ्या जातीचा कुत्रा दिसायला पूर्ण वाढलेला असतो आणि त्याची ताकद आवरत नाही. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त घाई इथेच होते. त्याच्याबरोबर धावायला सुरुवात करण्याआधी हाडांची वाढ पुरी झाली का, हे डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. आम्हीही तोवर आमच्या वर्गात उडी मारायच्या अडथळ्याच्या दांड्या जमिनीवरच ठेवतो, कुणी आग्रह केला तरी.

चालताना मध्येच बसणं, उठताना अंग आखडलेलं असणं, मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकणं, लंगडणं, यांतलं काही दिसलं तर व्यायाम थांबवा. एका दिवसात फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे न्या, आणि पाय अजिबात टेकत नसेल तर लगेच. जाण्याआधी घरी त्याच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या गडबडीत लंगडणारं पिल्लूही अनेकदा सरळ चालून दाखवतं.